ढगे सर आणि सातची गाडी

ढगे सर माझ्या दुकानात यायचे ते दर गुरुवारी, दुपारचं जेवण आटोपून, साधारण अडीचला. देवळीत तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. शपथपत्रं, वारसनोंदीचे अर्ज, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका असलं सगळं तिथं होतं. सर मात्र लेख आणायचे. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात त्यांचं सदर होतं आणि ते अठरा-एकोणीस वर्षं चाललं. हाताने लिहिलेले चार ताव माझ्यासमोर ठेवून ते शेजारच्या स्टुलावर बसायचे. मी टाइप करत असताना पडद्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

"अडखळली तू," म्हणायचे.

"नाही सर, समजलं मला."

"तुले दोनदा वाचा लागलं, म्हणजे वाक्य खराब आहे. खोड ते."

मग ते नवीन वाक्य सांगायचे. पहिल्यापेक्षा ते नेहमी लहान असायचं. विशेषणं त्यांना खपत नसत. एकदा मी त्यांच्या 'निर्णय' या शब्दाआधी 'ऐतिहासिक' असं आपल्या मनानं टाकलं होतं, कारण दिवसभर तसलीच पत्रकं टाइप करत होते. सर हसले नाहीत. "हे पुढाऱ्यायचं मीठ आहे," म्हणाले, "माह्या भाजीत टाकू नको."

त्यांनी मला बी. कॉम.ला अर्थशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात खडू असायचा. बोलता बोलता समजावून सांगायची वेळ आली की ते उठायचे आणि माझ्या दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायचे. सातबाऱ्यासाठी आलेली माणसं थांबून बघायची. काहींना वाटायचं, जमिनीची मोजणी चालली आहे.

आमच्या जिल्ह्यात आश्रम बघायला देशभरातून माणसं येतात. इथल्या सभांमध्ये सहकार, स्वावलंबन, ग्रामोद्योग हे शब्द हवेसारखे असतात. अशा ठिकाणी सर उघडउघड भांडवलशाहीच्या बाजूने लिहायचे. खादी घालणाऱ्यानं खुशाल घालावी, पण ती दुसऱ्यानं विकत घ्यावी म्हणून सरकारनं जोर लावू नये. कापूस पिकवणाऱ्याला तो वाटेल त्याला, वाटेल तेव्हा विकता आला पाहिजे. फुकट वाटलेल्या प्रत्येक वस्तूचं ओझं कुणाच्या तरी पाठीवर असतं आणि तो माणूस सभेत बसलेला नसतो. लोक त्यांना शेठजींचा वकील म्हणायचे. सर स्वतः पुलगावजवळच्या एका कुणबी शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते आणि आयुष्यभर भाड्याच्या तीन खोल्यांत राहिले. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "ह्यायच्या तोंडी रात्रंदिवस बाजार. अन् बाजारातून कधी जुडीभर मेथी आणली नाई."

बाजार म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणजे पुस्तकातलं नको, तुमचं सांगा. सर थोडा वेळ खडू बोटांत फिरवत राहिले.

"जिथं समोरच्याले नाई म्हणता येते, अन् म्हटल्यावर घरी सुखानं जेवता येते, तो बाजार," म्हणाले. "जिथं नाई म्हणाची सोय नाई, ते बाकीचं सगळं."

पण ते निव्वळ बाजारवाले नव्हते. जुनं काही मोडायचं म्हटलं की त्यांना त्रास व्हायचा. गावातला भाजीबाजार हलवून बाहेर सिमेंटच्या ओट्यांवर न्यायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी लागोपाठ तीन लेख लिहिले. कोणत्या झाडाखाली कोणती बाई बसते, सांबारवालीच्या, म्हणजे कोथिंबीरवालीच्या, शेजारी मिरचीवाली का बसते, हे कुण्या साहेबानं ठरवलेलं नाही, दोन-तीन पिढ्यांच्या सोयीगैरसोयीतून ते बसत आलं आहे, असं त्यांचं म्हणणं. ओटे बांधले गेले. बाया तिथे गेल्या नाहीत. त्या ओट्यांवर आता बकऱ्या बसतात. सर कधीही 'मी म्हणत होतो' असं म्हणाले नाहीत.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सरांची त्यांची ओळख गाडीतली. सर पासष्टीच्या पुढे गेले, सवलतीचं कार्ड त्यांना मिळू शकत होतं, पण त्यांनी ते काढलं नाही. वर्ध्याला जाताना पूर्ण तिकीट मागायचे. एकदा बाबांनी त्यांना पिकलेल्या केसांवरूनच अर्धं तिकीट फाडून दिलं. सरांनी ते परत केलं.

"सर, सगळेच घेतात," बाबा म्हणाले.

"घेऊ द्या. मी लिहितो ना याच्या विरोधात. मंग मी कसा घेऊ?"

मागे रांग अडली होती. बाबा घरी येऊन वैतागून सांगायचे, "तुझा मास्तर म्हणजे डोक्याले ताप आहे." पण वडिलांनी सरांचं नाव घेतलं की आवाज जरा खाली यायचा. हेही मी ऐकलेलं आहे.

आमची राहती जागा बुद्धविहाराच्या मागे. माझं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं. हे सरांना माहीत होतं आणि माहीत असूनही एका गुरुवारी त्यांनी जो लेख आणला तो शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा यांच्यावर होता. मी दीड पान टाइप केलं आणि थांबले.

"अडखळली?"

"नाही सर. मी हे टाइप करणार नाही."

"काऊन?"

मी सांगितलं. भरभर सांगितलं. माझ्या आजीला शाळेच्या ओसरीवरसुद्धा बसू दिलं नव्हतं. तेव्हा बाजार होता ना सर, तुमचा? त्या बाजारात माझ्या आजीला नाही म्हणायची सोय होती का? तिला तर सगळ्यांनीच नाही म्हटलं होतं. आणि ते म्हणून सगळे घरी सुखानं जेवत होते.

सर उठले. ताव गोळा केले, पिन लावली आणि गेले. त्या आठवड्यात सदर आलं नाही. मला वाटलं, आता ते दुसरीकडे टाइप करून घेतील. पण पुढच्या गुरुवारी अडीचला आले, स्टुलावर बसले आणि तोच लेख पुढे ठेवला. शेवटी एक पान वाढलं होतं. मी बोलले होते ते जवळजवळ शब्दाला शब्द तिथे होतं, 'माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले' असं म्हणून. आणि त्याखाली एकच ओळ: 'यावर माझ्याजवळ आज उत्तर नाही.'

"आता करशील?" त्यांनी विचारलं.

मी केलं. तो लेख छापून आल्यावर दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर चिडली.

पल्लवी ही मुलगी त्यांच्याकडे यायला लागली ती अकरावीत असताना. देवळीपासून आतल्या रस्त्यावर एक लहानसं गाव आहे, तिथून सकाळी सातच्या गाडीने ती आमच्या इथल्या कॉलेजात यायची. वडील शेती करायचे, आई शाळेत पोषण आहार शिजवायची. वाचनालयातल्या जुन्या अंकांत तिनं सरांचे लेख वाचले आणि एक दिवस सरळ घरी जाऊन उभी राहिली, भाव कोण ठरवतो ते मला नीट समजलं नाही म्हणून. सरांना असं माणूस फार वर्षांनी भेटलं होतं. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. चांगला मुलगा. फोनवर तब्येत विचारायचा, लेख कधी वाचत नसे. पल्लवी वाचायची आणि भांडायची. सर माझ्याकडे येऊन सांगायचे, "काल पोरीनं मले चीत केलं," आणि कसं केलं ते शटरवर काढून दाखवायचे. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी त्यांनी एसटीवर लेख लिहिला. रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या बंद कराव्यात, त्या रस्त्यांवर खाजगी गाड्यांना मोकळीक द्यावी, ज्याला गरज आहे तो मार्ग काढेल. उदाहरण म्हणून त्यांनी आपल्याच भागातली सकाळची सातची फेरी घेतली होती. बाबांनी लेख वाचून चष्मा काढून ठेवला. "बरोबर लिहिलं आहे," म्हणाले. "पण मी त्या रस्त्यावर गाडी नेलेली आहे."

पुढच्या पावसाळ्यात सातची गाडी बंद झाली. ती सरांच्या लेखामुळे झाली नाही, हे मी शपथेवर सांगेन. गाड्या कमी होत्या, ड्रायव्हर कमी होते, आणि अशा कितीतरी फेऱ्या त्या वर्षी गेल्या. पण पल्लवीच्या गावातली चार माणसं एसटीच्या डेपोत विनंती करायला गेली, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमच्या भागातले शिकलेले लोकच पेपरात लिहितात, बंद करा म्हणून. ते गावात परत आलं आणि पल्लवीच्या घरीही पोचलं.

खाजगी गाड्या आल्या नाहीत. एक ऑटो यायचा, भरला की निघायचा, कधी आठला, कधी दहाला, आणि त्यात माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची. पल्लवीच्या वडिलांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी सर आपली जुनी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. वय एकाहत्तर. हे मला काकूंनी सांगितलं. सर मला एवढंच म्हणाले, "सरकारनं हे काम करू नये असं मी म्हणतो. मंग ते कोनं तरी कराच लागंल ना."

ते रोज जायचे. अकरा किलोमीटर जायचं, तिला मागे बसवून अकरा किलोमीटर परत यायचं, दुपारी पुन्हा तसंच. गुरुवारी दुकानात आले की डोळे लाल असायचे आणि स्टुलावर बसल्या बसल्या पेंग यायची. मी म्हटलं, "सर, किती दिवस करणार हे?" ते म्हणाले, "बारावी होईस्तोवर." गावात लोक बोलायला लागले होते. म्हाताऱ्याच्या मागे तरणी पोरगी. सरांनी त्यावर उपाय केला: एक दिवस काकूंनाच पल्लवीच्या आईकडे नेऊन सोडलं, दिवसभर बसायला. काकूंनी तिथे कुरड्या तळून खाल्ल्या आणि बोलणं थांबलं.

सोयाबीन निघालं तेव्हा लोकांनी ते रस्त्यावर वाळत घातलं होतं. दरवर्षी घालतात. वळणावर स्कूटर त्या दाण्यांवरून घसरली. पल्लवीचे तळहात आणि गुडघे सोलून निघाले. सरांचं खुब्याचं हाड मोडलं. रस्त्यावर पडल्या पडल्या ते तिला विचारत होते, तुले लागलं का, आणि ती रडत त्यांना सांगत होती, सर हलू नका. तिथं सोयाबीन राखत बसलेल्या म्हाताऱ्यानं हे मला सांगितलं.

ऑपरेशन झालं. सर घरी आले ते खाटेवर. मी गुरुवारी अडीचला दुकान बंद करून लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायला लागले.

पल्लवीचे वडील भेटायला आले, तेव्हा मी तिथेच होते. शांत माणूस, टोपी हातात धरून बसलेला. सर म्हणाले, "तिले आमच्या घरी राहू द्या. काकू आहेत. परीक्षेपर्यंतच."

"लोकायच्या घरी पोरगी ठेवणं बरं दिसत नाई सर."

"मंग मी दुसरी काई सोय पाहतो. शाळा सोडवू नका."

पल्लवीच्या वडिलांनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमी तं हुशार माणूस. मले एक सांगा. तुमी त्या गाडीचं लिहिलं व्हतं, ते खोटं व्हतं का?"

"नाई," सर म्हणाले.

"मंग मी काय करू?"

त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सर खाटेची कड हाताने घट्ट धरून पडून राहिले. काकूंनी चहा आणला. तो माणूस चहा पिऊन, सरांच्या पाया पडून गेला.

पल्लवी घरीच राहिली. परीक्षेला बसली, पास झाली, गुणही बरे मिळाले. ती अठरा वर्षांची झाल्यावर दोन महिन्यांत तिचं लग्न ठरलं, यवतमाळकडे. पत्रिका माझ्याच दुकानात छापायला आली. मी मुलीचं नाव दोनदा तपासलं. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पत्रिका घेऊन ती सरांना भेटायला आली तो गुरुवारच होता. सर वॉकर धरून चार पावलं चालायला लागले होते. ती खाली चटईवर बसली, सर खुर्चीवर. खूप वेळ काकूच बोलत होत्या, साडी कोणती, मुलगा काय करतो. मुलाचं खताचं दुकान होतं. मग काकू आत गेल्या.

सर म्हणाले, "पल्लवी, मी तुह्यं नुकसान केलं."

"नाही सर," ती म्हणाली. तिने मान वर केली होती आणि वर्गात उत्तर द्यावं तशी ती बोलत होती. "तुमचा लेख बरोबर होता. मी रोज मोजत होते. सकाळच्या गाडीत कधीच बारा जण झाले नाहीत. कधी नऊ, कधी अकरा. एवढ्यांसाठी गाडी नाही परवडत. मला समजते ते."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. ते आवाज न करता रडत होते आणि खांदे हलत होते. ती घाबरून उठली, "सर, मी चुकीचं बोलली का?" असं विचारत राहिली. त्यांनी मान हलवली, नाही, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच राहिला. जाताना तिनं त्यांची तीन पुस्तकं परत ठेवली. सरांनी ती तिच्या हातात परत दिली. सासरी पुस्तकं नेली तर काय म्हणतील, अशा अर्थाचं ती काहीतरी पुटपुटली आणि ती तिथेच टेबलावर ठेवून गेली.

त्यानंतर सरांनी लेख लिहायला घेतला. आता ते सांगायचे आणि मी लिहायचे. पहिलं वाक्य लगेच आलं: 'ती फेरी बंद करावी असे मी लिहिले होते.' मग थांबले. दुसऱ्या गुरुवारी दोन वाक्यं आली. ती गाडी रिकामी होती. त्या रिकाम्या गाडीत एक मुलगी होती. मग पुन्हा काही नाही.

मी म्हटलं, "सर, माझी चूक झाली असं लिहायचं का?"

"चूक नाई ते," त्यांनी जरा चिडूनच सांगितलं. "चूक असतं तं सोपं होतं. ते अर्धं होतं. बाकीचं अर्धं मले मांडता येऊन नाई राह्यलं."

"मग थोडे दिवस जाऊ द्या."

"चाळीस वर्षं शिकवलं मी," ते म्हणाले. "हे सोडून सगळं शिकवलं."

साप्ताहिकाच्या संपादकाचे दोनदा फोन आले. सरांनी काकूंना सांगितलं, नाही म्हणून सांग. मी मात्र गुरुवारी जात राहिले. लॅपटॉप उघडायचे, ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे, तासाभराने मी तो बंद करायचे. एखाद्या वेळी ते विचारायचे, "यवतमाळचा काई फोन?" मी नाही म्हणायचे. एकदा माझ्या दुकानात आला होता. पल्लवीने रडत रडत दोन मिनिटं बोलून ठेवला होता. दुकानातला हिशेब तीच बघते, पुस्तकं मागितली तर सासू हसते, असं सांगत होती. ते मी सरांना सांगितलं नाही. बरोबर केलं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. काकूंना एकटीला आता उचलणं-बसवणं झेपत नव्हतं. घर रिकामं करायला दोन दिवस लागले, कारण सामान थोडं आणि पुस्तकं फार. पुस्तकं वाचनालयाला गेली. मी सकाळी लवकर गेले तेव्हा गाडी दारात होती आणि सर मागच्या सीटवर बसवलेले होते, दोन्ही बाजूंनी उशा लावून. ते खूप लहान दिसत होते. काकू गल्लीतल्या बायांच्या गळ्यात पडत होत्या. माझे बाबाही काठी टेकत आले होते, पण दूर कडुलिंबाखाली उभे राहिले.

मी गाडीजवळ गेले. काच बंद होती. सरांनी मला बघितलं आणि बोलायला लागले. मी काचेवर बोट ठेवून खूण केली, ऐकू येत नाही. त्यांनी बटण चाचपलं, ते मागून चालत नव्हतं. मुलगा पुढे बसून फोनवर रस्ता बघत होता, गाडी सुरू झाली होती. सर पुन्हा बोलले. या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून, कच्च्या विद्यार्थ्याला सांगतात तसं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. मला काहीच समजलं नाही. आणि का कोण जाणे, मी समजल्यासारखी मान हलवली.

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ते मागे उशीला टेकले, काकू पुढे येऊन बसल्या आणि गाडी निघाली.

फेब्रुवारीत ते गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी गाडीत सर मला काय म्हणत होते. काकू म्हणाल्या, "मले काय माहीत बाई. मी तं तवा बाहेर होती. तू तं मान हलवली होतीस ना."